पायथॉनचे थ्रेड आणि एका कुलपाचा इतिहास

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत एकाऐवजी चार थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी सुरू असलेले कामाचे धागे, लावले, तरी निव्वळ आकडेमोडीचे काम लवकर संपत नाही, हे प्रथमच पाहणारा गोंधळून जातो. या वर्तनाचे मूळ १९९२च्या सुमारास घेतलेल्या एका निर्णयात आहे. गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत १९८९च्या डिसेंबरात ही भाषा लिहायला घेतली. १९९१मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि थ्रेडची सोय पाठोपाठ आली. बहुतेक संगणकांत तेव्हा एकच प्रोसेसर असे. त्यामुळे एक थ्रेड डिस्कची किंवा नेटवर्कची वाट पाहत असताना दुसऱ्याचे काम अडू नये, एवढीच अपेक्षा होती.

खरी अडचण मेमरीच्या हिशेबाची होती. प्रत्येक ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी पायथॉन ठेवते आणि ती शून्यावर आली की त्याची जागा मोकळी करते. दोन थ्रेडनी एकाच क्षणी तीच मोजणी वाचून वाढवली, तर ती दोनने वाढण्याऐवजी एकनेच वाढते आणि पुढे केव्हातरी वापरातला ऑब्जेक्टच नष्ट होतो. यावर उपाय म्हणून साऱ्या इंटरप्रिटरला (पायथॉनचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) मिळून एकच कुलूप, म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, लावण्यात आले. ते ज्या थ्रेडच्या ताब्यात, त्याचाच बायटकोड, म्हणजे इंटरप्रिटरसाठी रूपांतरित केलेल्या सूचना, चालणार. सी भाषेतल्या लायब्ररी पायथॉनला जोडणे यामुळे किती सोपे झाले, हे टीकाकार सहसा विसरतात.

१९९६मध्ये ग्रेग स्टाइन या प्रोग्रॅमरनी पायथॉन १.४मधून हे कुलूप काढून दाखवले, पण एकाच थ्रेडचे साधे प्रोग्रॅम त्याने बरेच मंदावले. एका थ्रेडचा वेग घटणार नसेल तरच असा बदल स्वीकारू, अशी अट व्हान रॉसम यांनी २००७मध्ये घातली. तोवर दोन कोअरचे, म्हणजे एकाच वेळी दोन कामे करू शकणारे, प्रोसेसर बाजारात रुळले होते.

मग वाट निघाली ती स्वतंत्र प्रोसेसची, म्हणजे वेगवेगळे चालणाऱ्या प्रोग्रॅमची. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या जागी, कमांडच्या शेवटी '&' लिहून ती पार्श्वभूमीला सोडण्याची सवय जुनीच होती. बाहेरचे प्रोग्रॅम चालवण्याच्या पायथॉनमधील विखुरलेल्या सोयींना २००४च्या २.४ आवृत्तीतील 'सबप्रोसेस' मॉड्यूलने एक घर दिले, तर २००८च्या २.६मधील 'मल्टिप्रोसेसिंग'ने थ्रेडसारख्याच पद्धतीने प्रोसेस वापरू दिल्या. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असल्याने कुलूपही वेगळे. मात्र एकीकडचा डेटा दुसरीकडे पोहोचवायचा तर तो बांधून पाठवायचा आणि तिकडे पुन्हा उलगडायचा, हा खर्च आलाच.

२०११च्या ३.२ आवृत्तीत चालू थ्रेडने दुसऱ्यासाठी कुलूप सोडण्याचा हिशेब शंभर बायटकोड सूचनांऐवजी ५ मिलिसेकंदांवर आला. थ्रेडची ओढाताण त्याने कमी झाली, कुलूप मात्र राहिले. ते काढण्याची व्यवहार्य रीत सॅम ग्रॉस या प्रोग्रॅमरनी २०२१मध्ये मांडली: ऑब्जेक्ट ज्या थ्रेडने निर्माण केला त्याची मोजणी झटपट आणि इतरांची वेगळी ठेवायची. २०२३मध्ये त्यांचा प्रस्ताव मान्य झाला. ऑक्टोबर २०२४च्या ३.१३मध्ये कुलूपविरहित पायथॉन प्रायोगिक म्हणून आले आणि २०२५च्या ३.१४मध्ये त्याला अधिकृत आधार मिळाला, तरी ते अजून वेगळेच इन्स्टॉल करावे लागते. त्यात एखादे जुने सी मॉड्यूल आणले आणि कुलपाविना चालण्याची तयारी त्याने जाहीर केलेली नसली, तर इंटरप्रिटर इशारा देऊन कुलूप पुन्हा लावतो.