घुबडाच्या कानाला डोळ्याची शिकवणी

शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्याचा माळा असो की पंचगंगाकाठचा उसाचा फड, गव्हाणी घुबड दिसलं की आपल्याकडं आधी अपशकुनाची चर्चा होते. उंदरांचा फडशा पाडणाऱ्या या पक्ष्यावर तो मोठाच अन्याय आहे. अनुभवानं मेंदूतल्या जोडण्या कशा बदलतात, हे विज्ञानाला ज्या मोजक्या प्राण्यांनी नीट दाखवलं, त्यांत गव्हाणी घुबडाचं नाव फार वरचं आहे.

अमेरिकेत रॉजर पेन यांनी आधी सिद्ध केलं, की हे घुबड मिट्ट काळोखात निव्वळ आवाजावर शिकार पकडतं. अंधारात सरपटत ओढलेल्या कागदाच्या बोळ्यावरही त्यानं झडप घातली. म्हणजे वासाचा किंवा अंगाच्या उबेचा संबंध नव्हता. आवाज एका कानात आधी आणि दुसऱ्यात किंचित नंतर पोचतो. हा फरक सेकंदाच्या दशलक्षांशांत मोजावा लागतो, पण त्यावरून घुबडाला डावी-उजवी दिशा कळते. वर-खालचा अंदाज येतो तो कान तिरपे असल्यामुळं: डाव्याचं छिद्र थोडं वर, उजव्याचं खाली.

१९७८ साली मासाकाझु कोनिशी आणि एरिक नूडसन यांनी घुबडाभोवती स्पीकर फिरवत मध्यमेंदूतल्या एकेका पेशीची नोंद घेतली. प्रत्येक पेशी ठरावीक दिशेच्या आवाजालाच दाद देत होती. शेजारच्या पेशीची दिशाही शेजारची. मेंदूत आवाजाचा अक्षरशः नकाशा होता.

हा नकाशा जन्मजात पक्का असतो का? नूडसन यांनी स्टॅनफर्डमध्ये या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. घुबडाचे डोळे खोबणीत जवळजवळ हलतच नाहीत, म्हणून त्यांनी पिल्लांना दृश्य २३ अंशांनी बाजूला सरकवणारे लोलकाचे चष्मे लावले. सुरुवातीला दिसायचं एकीकडं आणि ऐकू यायचं दुसरीकडं. काही आठवड्यांत मात्र आवाजाचा नकाशाच सरकून दृश्याशी जुळला. कान बरोबर होता, तरी मेंदूनं डोळ्याचंच ऐकलं! पुढं तपासल्यावर दिसलं, की चेतापेशींचे तंतू नव्या जागी फुटले होते. जुन्या जोडण्या तुटल्या नव्हत्या, फक्त दाबून ठेवल्या होत्या. म्हणूनच चष्मा काढल्यावर ही पिल्लं पुन्हा मूळ नकाशावर येऊ शकली. या साऱ्या कामात मला ही दबलेली जोडणी सगळ्यांत मोलाची वाटते, कारण नवं शिकायला जुनं पुसावं लागत नाही, हे इथं पेशींच्या पातळीवर दिसलं.

प्रौढ घुबडांना मात्र असा चष्मा एकदम लावला तर नकाशा फारसा हलत नसे. शिकण्याचं वय सरलं, असंच वाटलं. पण लहानपणी चष्मा वापरलेली घुबडं मोठेपणी पुन्हा जुळवून घेत होती. २००२ साली असंही दिसलं, की दृश्य थोडं थोडं, टप्प्याटप्प्यानं सरकवलं तर प्रौढ मेंदूही बदलतो. २००५ साली कोनिशी आणि नूडसन यांना मेंदूविज्ञानातला ग्रूबर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या एका प्रयोगात जिवंत उंदीर पकडणाऱ्या प्रौढ घुबडांचा नकाशा आयतं खाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त सरकला होता. वाड्याच्या दुरुस्तीत सापडलेलं पिल्लू पिंजऱ्यात ठेवून मटणाचे तुकडे भरवू नयेत, लगेच वन विभागाला कळवावं, असं मी आग्रहानं म्हणतो ते यासाठीच.