मृदामिश्रण ऑगर

जमिनीतली कमकुवत माती बाहेर न काढता, जागच्या जागी तिच्यात सिमेंट किंवा चुना कालवून तिला घट्ट करणारे यंत्र. सुताराचे गिरमिट डोळ्यांसमोर आणले की निम्मी रचना कळते; पण गिरमिट भुसा बाहेर टाकते, हे यंत्र माती आतच घुसळते. म्हणजे नाते गिरमिटापेक्षा रवीशी जवळचे.

क्रॉलर रिगच्या (पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्राच्या) उभ्या मास्टवर, म्हणजे खांबावर, पोकळ दांडा असतो. त्याच्या टोकाला दात आणि त्यांच्या वर आडवी पाती. दांडा फिरत खाली उतरतो तेव्हा पोकळीतून पंपाने सोडलेली सिमेंटची स्लरी (सिमेंट-पाण्याचे पातळ मिश्रण) टोकाशी बाहेर पडते. कोरड्या पद्धतीत तिच्याऐवजी दाबाच्या हवेबरोबर चुन्याची वा सिमेंटची पूड सोडतात. पाण्याने आधीच लिबलिबीत झालेल्या चिकणमातीला ती सोयीची. वर येताना पाती पुन्हा ढवळतात आणि मागे साधारण ०.६ ते १.५ मीटर व्यासाचा स्तंभ उरतो. स्तंभ एकमेकांत थोडे शिरवले की भिंत होते. त्यासाठी तीन दांड्यांचे ऑगर वापरतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपान आणि स्वीडनमध्ये हे तंत्र स्वतंत्रपणे विकसित होऊ लागले.

खरी डोकेदुखी चिकट मातीची. ती गोळा होऊन पात्यांना लगडते आणि दांड्याबरोबरच गरगरत राहते; फिरणे होते, मिसळणे होत नाही. म्हणून काही यंत्रांत एक न फिरणारे पातेही बसवतात, आणि दर मीटरला पाती किती वेळा मातीतून गेली याचा हिशेब ठेवतात. स्तंभातून काढलेल्या नमुन्यांची ताकद बहुधा २८ दिवसांनी तपासतात.

पुण्यात या यंत्राला काम बेताचेच. काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट; बऱ्याच ठिकाणी खडक इतका वर की माती उपसून मुरूम भरणेच स्वस्त पडते. शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रोचा बोगदाही बेसाल्ट कापूनच गेला. काळी माती मात्र चुन्याला चांगली दाद देते: पावसात फुगणारे आणि उन्हाळ्यात भेगाळणारे तिच्यातले माँटमोरिलोनाइट हे खनिज चुन्यातल्या कॅल्शियममुळे शांत होते. पण रस्त्याच्या पायासाठी हे मिश्रण वरवरच्या थरातच करतात, त्याला खोल जाणारे ऑगर लागत नाही. मुळा-मुठेच्या काठचा जाड गाळ किंवा बुजवलेले ओढे इथे त्याचा विचार करता येईल. तिथे कुजका पाला आणि सांडपाण्याचा गाळ असल्यास सिमेंट नीट धरत नाही, म्हणून आधी प्रयोगशाळेत त्याच मातीचे मिश्रण करून पाहावे लागते.