अंदमान-निकोबार बेटांवरील अमली पदार्थांची तस्करी

अंदमान समुद्रातून होणारी अमली पदार्थांची वाहतूक आणि तिच्यामुळे बेटांवर उपलब्ध होणारा माल, असे या विषयाचे दोन भाग आहेत. ते वेगळे न ठेवल्यास आकडे दिशाभूल करतात. टनावारी जप्त होणारा माल बेटांसाठी आलेलाच नसतो. चार लाखांच्या आसपास वस्तीला तो पचणारही नाही. बेटे बाजारपेठ नाहीत, ती वाटेत आहेत.

म्यानमारच्या शान प्रांतात मेथॅम्फेटामाइन हा उत्तेजक, कृत्रिम अमली पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होतो. तिथला माल समुद्रमार्गे मलेशिया, इंडोनेशिया आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. सुमारे ७०० किलोमीटर पसरलेली ही द्वीपमाला त्या समुद्राची पश्चिम कड आहे. उत्तर टोकाचे लँडफॉल बेट म्यानमारच्या कोको बेटांपासून ५० किलोमीटरच्या आसपास, तर दक्षिणेचा इंदिरा पॉइंट सुमात्राच्या बाजूच्या बेटांपासून दीडशेहून थोडा अधिक किलोमीटर अंतरावर आहे. आठशेहून अधिक बेटे-खडकांपैकी जेमतेम तीसेक बेटांवर वस्ती असल्याने बाकीच्या किनाऱ्यावर रोजची नजर नसते.

सप्टेंबर २०१९ मध्ये तटरक्षक दलाने कार निकोबारजवळ म्यानमारची एक नौका पकडली. तिच्यावर १,१५६ किलो केटामाइन (नशेसाठीही वापरले जाणारे भुलीचे औषध), साधारण किलोकिलोच्या पाकिटांत भरलेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बॅरन बेटाजवळ गस्ती डॉर्नियर विमानाला एक मासेमारी नौका संशयास्पद वाटली. वेगवान गस्ती नौकांनी ती ओढून श्री विजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) आणली. आत दोन-दोन किलोची सुमारे ३,००० पाकिटे, म्हणजे जवळपास ६,००० किलो मेथॅम्फेटामाइन होते. दोन्ही वेळी म्यानमारचे सहा-सहा खलाशी अटकेत आले. दुसऱ्या नौकेवर स्टारलिंकचे उपग्रह-इंटरनेट उपकरणही मिळाले. मोबाइल टॉवरच्या पलीकडे राहून सतत संपर्क ठेवता येतो, हा तपास यंत्रणांपुढचा तुलनेने नवा पेच आहे.

बेटांवर माल येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. गांजा मुख्य भूमीवरून प्रवाशांच्या सामानातून आणि पार्सलांतून येतो. दुसरी वाट समुद्राची. पकडले जाण्याच्या भीतीने खलाशी पोती पाण्यात टाकतात किंवा नौका बुडते, आणि जलरोधक वेष्टनातली पाकिटे किनाऱ्याला लागतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पूर्वेच्या समुद्रात तरंगणाऱ्या वस्तू बेटांकडे ढकलल्या जातात. अनेकदा वेष्टन चिनी चहाच्या पाकिटाचे असते. सापडणाऱ्याला आत काय आहे हे कळतेच असे नाही. अशा पुरवठ्याला मागणीची गरज नसते. माल आधी येतो, व्यसन त्याच्या मागून. इथून उलट केरळकडे माल गेल्याची प्रकरणेही उघड झाली आहेत.

कायद्याचा हिशेब मात्र फार कडक आहे. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार (१९८५) मेथॅम्फेटामाइनचे ‘अल्प प्रमाण’ २ ग्रॅम, ‘व्यावसायिक प्रमाण’ ५० ग्रॅम. केटामाइनसाठी हेच आकडे १० व ५०० ग्रॅम, गांजासाठी १ व २० किलो. म्हणजे वाळूत सापडलेले दोन किलोचे एक पाकीट मुद्दाम घरात ठेवणारा मच्छीमार व्यावसायिक मर्यादेच्या चाळीसपट मालासह सापडतो. शिक्षा किमान दहा, कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. कलम ३७ मुळे जामीनही दुरापास्त. पाकीट न फोडता, न हलवता पोलिसांना कळवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

जप्तीनंतरचे काम दिसते त्याहून किचकट. कलम ५२अ नुसार दंडाधिकाऱ्यासमोर यादी प्रमाणित करून नमुने घ्यावे लागतात. २०२२ च्या नियमांनुसार एकसारख्या पाकिटांचे गट पाडता येतात, पण गांजा-चरस वगैरे वगळता एका गटात दहाहून जास्त पाकिटे चालत नाहीत. तीन हजार पाकिटे एकसारखी धरली तरी किमान तीनशे गट होतात आणि प्रत्येकाचे दोन नमुने, म्हणजे सहाशे लिफाफे, प्रत्येकी निदान पाच ग्रॅमचे. मोहोर, क्रमांक, वजन यांत तफावत राहिली की बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. त्यात आरोपी बर्मी बोलणारे, त्यामुळे दुभाषी लागतो. अपील कलकत्ता उच्च न्यायालयाच्या इथल्या सर्किट खंडपीठापुढे चालते.

व्यसनमुक्तीची बाजू त्या मानाने कच्ची आहे. हेरॉइनच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देता येते. मेथॅम्फेटामाइनसाठी तसे मान्य औषध नाही, त्यामुळे समुपदेशन आणि वर्तनोपचारांवरच भर द्यावा लागतो आणि त्याला प्रशिक्षित माणसे लागतात. दूरच्या बेटावरून बोटीने मुख्य रुग्णालय गाठावे लागणाऱ्या रुग्णाचे उपचार मध्येच तुटण्याचा धोका मोठा. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ६४अ संरक्षण देते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तस्करीची माहिती देण्यासाठी १९३३ हे राष्ट्रीय क्रमांक आहेत.