सर्दीचा विषाणू तोच, मग सगळ्यांनाच सर्दी का होत नाही?

२०२५ च्या जूनअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. एकटेपणामुळे जगात दर वर्षी ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यू होतात, म्हणजे तासाला सुमारे १००, असा अंदाज त्यात दिला आहे. पाठोपाठ ‘एकटेपणा म्हणजे रोजच्या १५ सिगारेटी’ हे जुनं वाक्य पुन्हा मोबाइलवर फिरू लागलं. या वाक्याचं मूळ २०१० सालच्या एका मोठ्या विश्लेषणात आहे. जुलिअ‍ॅन होल्ट-लुनस्टॅड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र केले होते, माणसं ३ लाखांहून अधिक. ज्यांची नाती भक्कम होती, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. हा परिणाम केवढा, ते समजावं म्हणून सिगारेटशी तुलना झाली आणि पुढे तुलनाच तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. सिगारेटचा धूर फुफ्फुसात काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. एकटेपणा शरीरात कुठून शिरतो आणि काय बिघडवतो, हा खरा प्रश्न आहे, आणि बातम्यांमध्ये त्याला एक ओळही मिळत नाही.

त्याआधी एक रास्त शंका. माणूस एकटा पडल्यामुळे आजारी पडतो, की आजारी पडल्यामुळे एकटा पडतो? गुडघे धरले की कट्ट्यावर जाणं बंद होतं, ऐकू कमी येऊ लागलं की माणूस लग्नकार्यातही कोपऱ्यात बसतो. नुसती पाहणी करून या दोन गोष्टी वेगळ्या काढणं अवघड असतं. म्हणूनच अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या शेल्डन कोहेन यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

कोहेन आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५५ वयाचे २७६ धडधाकट स्वयंसेवक घेतले. सगळ्यांच्या नाकात सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूचे थेंब घातले आणि त्यांना इतरांपासून वेगळं ठेवलं. त्याआधी प्रत्येकाला विचारून ठेवलं होतं, की दोन आठवड्यांतून निदान एकदा तुम्ही कोणाकोणाशी बोलता? जोडीदार, आईवडील, सासूसासरे, मुलं, इतर नातलग, शेजारी, मित्र, कामावरचे सहकारी, वर्गातले सोबती, सेवाकार्यातले साथीदार, धार्मिक मंडळी आणि इतर कुठल्याही मंडळातले लोक, असे नात्यांचे १२ प्रकार धरले होते. मग रोज तपासणी. कोणी ‘मला बरं वाटत नाही’ म्हटलं एवढ्यावर भागवलं नाही. नाक पुसलेले कागदी रुमाल पिशवीत बंद करून त्यांचं वजन केलं, म्हणजे शेंबूड किती आला ते कळलं. नाकात रंग घालून तो घशापर्यंत उतरायला किती वेळ लागतो तेही मोजलं.

ज्यांच्याकडे एक ते तीन प्रकारचीच नाती होती, त्यांच्यातल्या सुमारे ६२ टक्के लोकांना सर्दी झाली. सहा किंवा अधिक प्रकारची नाती असलेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास राहिलं. धूम्रपान, झोप, व्यायाम, अंगात आधीपासून असलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. ओळखीची माणसं एकूण किती, याला फारसं महत्त्व नव्हतं. नाती किती वेगवेगळ्या प्रकारची, याला होतं. एकाच कंपनीतल्या ५० जणांत वावरणाऱ्यापेक्षा ज्याला घर आहे, शेजार आहे, कामावरचा गट आहे आणि एखादं भजनी मंडळही आहे, तो या प्रयोगात सरस ठरला.

आता शरीरात डोकावू. नाक गळणं, घसा सुजणं, डोकं जड होणं हा सगळा विषाणूचा प्रताप असं आपण समजतो. पण ऱ्हायनोविषाणू नाकाच्या अस्तराची फारशी नासधूस करत नाही. लागण झालेल्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव बाहेर झिरपतो, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि नाक वाहू लागतं. याला दाह म्हणतात. म्हणजे सर्दीचा त्रास बराचसा आपलीच प्रतिकारयंत्रणा देत असते. दाह हवाच, पण काम झाल्यावर तो थांबायलाही हवा, आणि थांबवणाऱ्यांत महत्त्वाचं आहे कॉर्टिसॉल हे संप्रेरक.

मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, पीयूषिका मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल पांढऱ्या पेशीत शिरून तिथल्या ग्राही प्रथिनाला, म्हणजे त्याचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. ही जोडी पेशीकेंद्रकात जाते आणि ‘एनएफ-कप्पा-बी’ या प्रथिनाला आवर घालते. हेच एनएफ-कप्पा-बी सायटोकाइनची जनुकं चालू करत असतं, त्यामुळे त्याला आवरलं की दाह उतरतो. अडचण येते ती ताण महिनोन्‌महिने टिकला की. मग हे ग्राही दाद देईनासे होतात. घरात एक माणूस दिवसभर ओरडत राहिला की मुलं त्याचं ऐकेनाशी होतात, तसंच काहीसं. कॉर्टिसॉल रक्तात असतं, पण पेशी त्याचं ऐकत नाही.

कोहेन यांच्याच गटाने २०१२ साली हे दाखवून दिलं. ताणाच्या प्रसंगातून गेलेल्यांच्या पांढऱ्या पेशी कॉर्टिसॉलला कमी दाद देत होत्या, आणि अशाच लोकांना विषाणू दिल्यावर सर्दी जास्त झाली. तो अभ्यास ताणाचा होता, एकटेपणाचा नव्हे. एकटेपणाचा धागा स्टीव्ह कोल आणि जॉन कॅसिओपो या अमेरिकी संशोधकांच्या २००७ मधल्या कामात सापडतो. त्यांनी दीर्घकाळ एकटं वाटणाऱ्या आणि न वाटणाऱ्या माणसांच्या पांढऱ्या पेशींतली जनुकं तपासली. २०९ जनुकांच्या कामात फरक दिसला. एकट्यांमध्ये दाह वाढवणारी जनुकं जास्त जागी होती, कॉर्टिसॉलच्या हुकमातली मंदावलेली. माणसं फक्त १४ होती, हे लक्षात ठेवूनच या निष्कर्षाकडे पाहायला हवं. पण दोन्ही अभ्यासांची दिशा एकच आहे.

म्हणूनच ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ काढ्यांच्या, गोळ्यांच्या जाहिराती पाहून मला चीड येते. एकट्या माणसाच्या शरीरात दाह कमी पडत नसतो, तो आवरत नसतो. नुसती वाढवायची म्हणून प्रतिकारशक्ती वाढवली, तर भर नेमकी कशात पडेल?

पण माणसांत असणं आणि त्यांच्यातलं असणं यात फरक आहे. तो उत्तम दिसला अलाहाबादच्या माघ मेळ्यात, म्हणजे आजच्या प्रयागराजला. ऐन थंडीत महिनाभर तंबूत राहणारे, रोज गंगेच्या गार पाण्यात स्नान करणारे, रात्रंदिवस कर्ण्यांचा आवाज ऐकणारे कल्पवासी हा भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय होता. ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण यांना मेळ्याआधी व नंतर प्रश्न विचारले. इतके हाल सोसूनही कल्पवासींची प्रकृती, त्यांच्याच सांगण्यानुसार, न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारली होती. यावरून कोणी गंगाजलाच्या दिव्य गुणांचा डांगोरा पिटू नये. पुढच्या विश्लेषणात बऱ्या प्रकृतीशी नातं दिसलं ते ‘इथले सगळे आपलेच’ या भावनेचं. आपल्याकडे वारीत अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणतात, ती हीच भावना.

हीच भावना धोक्याचीही ठरते. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घामट टी-शर्ट हाताळायला दिले. शर्टावर आपल्याच विद्यापीठाचं चिन्ह असलं की त्यांना किळस कमी वाटली, आणि हात स्वच्छ करायला ते सावकाश चालत गेले. आपल्या माणसाच्या जंतूंची आपल्याला भीती वाटत नाही. गर्दीच्या उत्सवांत, एकाच पेल्याने पाणी पिताना साथी पसरतात, त्याला हेही एक कारण आहे. विषाणूला आपला-परका कळत नाही.

सगळ्यात जास्त विचार व्हावा असं वाटतं तो निवृत्तीचा. त्या एका दिवसात नात्यांचे दोन-तीन प्रकार एकदम गळतात. मुंबईत तर ऑफिसच्या बरोबरीने ठरलेल्या लोकलमधला ग्रुपही सुटतो. इंग्लंडमधल्या ४२४ निवृत्तांवर सहा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. निवृत्तीआधी दोन गटांत असलेल्या माणसाने दोन्ही गट टिकवले तर पुढच्या सहा वर्षांतला मृत्यूचा धोका २ टक्के, एक सुटला तर ५ टक्के, दोन्ही सुटले तर १२ टक्के, असा हिशेब त्यातून निघाला. सुरुवातीची तब्येत त्यात हिशेबात धरलेली होती. याच लोकांच्या व्यायामाचाही परिणाम संशोधकांनी मोजला, तो जवळपास एवढाच भरला.