गालातली पेशी आणि व्हिनेगरमधलं अंडं

कापसाची स्वच्छ काडी घ्यायची, गालाच्या आतल्या बाजूवरून दोन-तीनदा हलकेच फिरवायची आणि काचपट्टीवर पुसायची. वर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब. मग आच्छादन काच तिरकी धरून हळूहळू खाली सोडायची, नाहीतर हवा अडकते. आठवीच्या वर्गात हा प्रयोग घेते तेव्हा पहिली पाच मिनिटं बहुतेक मुलं हवेचे बुडबुडेच बघत असतात. जाड काळ्या कडेचा गरगरीत गोल दिसला, की "बाई, सापडली पेशी!" असा गलका होतो. खरी पेशी इतकी रेखीव नसते. ती दिसते चुरगळलेल्या फडक्यासारखी, फिकट निळी, एखादी कड दुमडलेली आणि मध्ये गडद निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक.

मागच्या वर्षी एका मुलीने बराच वेळ डोळा भिंगावरून काढला नाही. मग हळूच विचारलं, "बाई, हे माझंच आहे?"

तिचंच होतं. पेशीचं चित्र तिने पाचवीपासून पाहिलेलं होतं. केंद्रक, पेशीद्रव्य, तंतुकणिका ही नावंही पाठ होती. पण ते चित्र पुस्तकातल्या पेशीचं होतं. थर्माकोलच्या गोळ्यावर रंगीत माती लावून केलेल्या प्रतिकृतींबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. त्यातून नावं पक्की होतात, पण असलं काहीतरी आपल्या गालात आहे, हे त्यातून कुणालाच जाणवत नाही.

आकाराचा अंदाज यावा म्हणून मी एक साधी गोष्ट करायला लावते. त्याच काचपट्टीवर डोक्याचा एक केस ठेवायचा. गालाची पेशी साधारण ५० ते ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते आणि केसाची जाडीही जवळपास तेवढीच, त्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी दिसले की मापाचं वेगळं काही सांगावं लागत नाही. रक्तातली तांबडी पेशी याहून कितीतरी लहान, सात-आठ मायक्रॉनची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त या तांबड्या पेशीच. हा आकडा फळ्यावर शून्यांसकट लिहायला लावावा. तीनावर तेरा शून्यं लिहिताना मुलं दोनदा तरी चुकतात, आणि चुकली की आकडा लक्षात राहतो.

सूक्ष्मदर्शक नसलेल्या शाळांसाठी फोल्डस्कोप ही मोठी सोय आहे. मूळचे मेरठचे आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे मनु प्रकाश यांनी सहकाऱ्यासोबत घड्या घालून बनणारा हा कागदी सूक्ष्मदर्शक २०१४ मध्ये जगापुढे आणला. तो वस्तू १४० पट मोठी दाखवतो, म्हणजे गालाची पेशी बघायला पुरेसा आहे. मात्र काचपट्टी नीट बसवायला धीर लागतो.

शाळेतला सूक्ष्मदर्शक चारशे पटीवर नेला की पेशीच्या अंगावर बारीक निळे ठिपके दिसतात. ते आपले नव्हेत, तोंडातले जीवाणू. हॉलंडच्या लेव्हेनहुकने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली पाहिला होता. ते वळवळणारे जीव पाहून त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. ही हकीकत सांगितली, की त्या दिवशी दात घासण्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

खरा विषय याच्या पुढे सुरू होतो. काडीला लागलेल्या या चपट्या पेशी गालाच्या अस्तराचा सगळ्यात वरचा थर. त्या झडत राहतात आणि खालच्या थरातल्या पेशी विभागून त्यांची जागा भरतात. दर विभाजनाला डीएनएची नक्कल होते. तंबाखूतली रसायनं नेमका हा डीएनए बिघडवतात. बिघाड साठत गेले की पेशी थांबायचं विसरते आणि विभागतच राहते. तोंडाच्या कर्करोगांपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच चपट्या पेशींच्या अस्तरात सुरू होतात. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण विदर्भातला खर्रा आणि कितीतरी घरांत बायकांच्या हाती असलेली मिश्री मुलं रोज बघतात. घरात कोण काय खातं हे वर्गात कधीच विचारू नये. मूल ओशाळतं आणि पुढचं काही ऐकत नाही.

त्याऐवजी मी तीन बोटांची चाचणी करायला सांगते. हात धुवायचा, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि दातांमध्ये जातात का पाहायचं. मुलांची सहज जातात. सुपारी वर्षानुवर्षं चघळणाऱ्यांच्या गालात अस्तराखाली राठ तंतू तयार होतात, गाल कडक होतो, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. हा आजार ऐन तारुण्यातही दिसतो. हे सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक मुलगा मधल्या सुट्टीत जवळ आला आणि म्हणाला, "आमच्या आबांची दोनच जातात." मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि आबांना सरकारी रुग्णालयात दंतवैद्यांकडे न्यायला सांगितलं.

दुसरा प्रयोग अंड्याचा. याला दोन-तीन दिवस लागतात. दोन अंडी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असल्याने कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येत ते विरघळतं आणि हातात येतं लिबलिबीत, उजेडात धरलं तर आरपार दिसणारं अंडं. मग एक साध्या पाण्यात ठेवायचं, दुसरं साखरेच्या घट्ट पाकात. दुसऱ्या दिवशी पाण्यातलं टम्म फुगलेलं असतं आणि पाकातलं सुरकुतून बसलेलं. काट्यावर आधीचं आणि नंतरचं वजन करायचंच. अंड्याचा पापुद्रा म्हणजे पेशीचं प्रद्रव्यपटल नव्हे, हे स्पष्ट सांगावं. पण पाणी विरळ बाजूकडून घट्ट बाजूकडे जातं, ते परासरण दोन्हीकडे सारखंच.

या प्रयोगावर एका मुलाने विचारलेला प्रश्न मला फार आवडतो. पाक जर अंड्यातलं पाणी ओढून घेतो, तर जुलाब झाल्यावर साखर-पाणी का देतात?

उत्तर प्रमाणात आहे. फार गोड पेय आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब वाढवतं, म्हणून अशा वेळी शीतपेय देऊ नये. पण साखर बेताची असेल आणि जोडीला मीठ असेल, तर लहान आतड्याच्या पेशींवरचं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज दोघांना जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी येतं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच द्रावण पिंपांतून वाटलं. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जात होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागचं ग्लुकोज २० ग्रॅमवरून १३.५ ग्रॅमवर आणलं, मीठही कमी केलं. द्रावण विरळ केल्याने ते आणखी चांगलं लागू पडलं.

मग वर्गातच जलसंजीवनी बनवली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच हवा आणि सपाटच भरायचा, यावर मुलांनी एकमेकांना दोनदा टोकलं. चव घेताना कुणीतरी पाकातल्या अंड्याची आठवण काढली. ते साध्या पाण्यात टाकून बघूया का, असं तोच प्रश्नवाला मुलगा म्हणाला. टाकलं. सकाळी शाळा उघडायच्या आधीच चौघं-पाच जण दारात उभे होते, आणि बाटलीतलं अंडं पुन्हा गोल झालं होतं.