अंगठा वाकडा की ताठ? ऑपरेशनचं ठरवण्याआधी

माझ्या आईच्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी टणक उंचवटा आहे, आणि तसाच तिच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या पायालाही होता. दोघी सख्ख्या बहिणी, त्यामुळे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की दोघींना बनियन (bunion) आहे, म्हणजे अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर येण्याचा आजार. आईने पुढून रुंद, मऊ बूट घेतले आणि तिला आठवड्याभरात बरं वाटू लागलं. तिचं ऐकून मावशीनेही तसेच घेतले, तर तिचं दुखणं वाढलं. चालून आली की ती खुर्चीत बसून अंगठा मुठीत घट्ट धरून ठेवायची, हलू म्हणून द्यायची नाही. हे रोज दिसत होतं. पण आईचा अंगठा शेजारच्या बोटावर कललाय आणि मावशीचा मात्र सरळ आहे, याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

मावशीला बनियन नव्हतंच. तिला होतं ते ‘हॅलक्स रिजिडस’. बनियनचं वैद्यकीय नाव ‘हॅलक्स व्हॅल्गस’. हॅलक्स म्हणजे पायाचा अंगठा. व्हॅल्गस म्हणजे बाहेरच्या बाजूला, करंगळीकडे वळलेला, तर रिजिडस म्हणजे ताठ. दुखणारा सांधा एकच, उंचवटाही दोन्हींत येतो, आणि म्हणूनच घोटाळा होतो. ऑपरेशन करावं का, या प्रश्नाला हात घालण्याआधी आपलं दुखणं यातलं कोणतं, हे पक्कं व्हायला हवं, कारण दोन्हींची ऑपरेशनं अगदी वेगळी आहेत.

बनियनमध्ये अंगठ्याच्या मागचं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेला सरकतं आणि अंगठा उलट, शेजारच्या बोटाकडे झुकतो. जिथे कोन होतो तिथे हाडाचं डोकं बाजूने बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं, नवीन हाड वाढलं. खरं तर ते बहुतेक जुनंच हाड असतं, जागा सोडून आलेलं. त्यावर बूट घासतो, त्वचेखालची पिशवी सुजते, लाल होते. ‘एवढी गाठ घासून टाका की’ असं लोक सहज म्हणतात, पण नुसती गाठ काढली आणि हाड सरकलेलंच ठेवलं, तर बनियन पुन्हा डोकं वर काढण्याची भीती मोठी. अंगठा आणि त्यामागचं लांब हाड यांच्यामधला हा कोन एक्स-रेवर मोजतात. साधारण 15 अंशांपर्यंत तो सर्वसामान्य धरला जातो आणि 40 च्या पुढे गेला की तीव्र. हा एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊनच काढायला हवा. झोपून काढला तर कोन आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो.

रिजिडसमध्ये हाड जागा सोडत नाही. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते आणि सांध्याच्या वरच्या कडेवर हाडाचे कंगोरे वाढतात. अंगठा वर वळायला गेला की ते एकमेकांवर आपटतात. चालताना टाच उचलून पाऊल पुढे ढकलतो, तेव्हा अंगठा वर वळावाच लागतो. म्हणजे हे दुखणं प्रत्येक पावलाला बोचतं.

घरच्या घरी थोडा अंदाज घेता येतो. अनवाणी उभं राहून वरून पाहा. अंगठा कललेला आहे आणि उंचवटा पावलाच्या आतल्या बाजूला आहे, तर बनियनची शक्यता जास्त. अंगठा सरळ आणि उंचवटा सांध्याच्या माथ्यावर, तर रिजिडसची. मग बसून हाताने अंगठा हळूच वर वळवा. बनियनमध्ये तो बऱ्यापैकी वळतो. रिजिडसमध्ये मध्येच अडतो, आणि तिथेच कळ येते. बनियनवाल्याला बूट काढला की बहुधा हायसं वाटतं, रिजिडसवाल्याला अनवाणी जिना चढतानाही दुखतं. मावशीच्या जुन्या चपला मी नंतर पाहिल्या: तळ बाहेरच्या कडेला झिजलेला. अंगठ्यावर भार पडू नये म्हणून ती नकळत पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होती.

(अंगठा एका रात्रीत लालभडक, गरम झाला आणि चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर ते या दोन्हींपेक्षा गाऊटचं, म्हणजे सांधा अचानक सुजवणाऱ्या एका वाताचं, लक्षण जास्त आहे. तेव्हा ऑपरेशनचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.)

आता बुटांचं कोडं उलगडतं. बनियनला जागा हवी असते: पुढून रुंद, वरून मऊ, टाच बुटकी. रिजिडसला हवा कडक तळवा, शक्यतो पुढून गोलसर उचललेला, म्हणजे अंगठा न वळवता पाऊल पुढे लोळतं. मावशीचे मऊ बूट प्रत्येक पावलाला तिचा अंगठा वळवत होते. रात्री लावायच्या पट्ट्या आणि बोटांमधल्या गाद्या थोडा आराम देऊ शकतात, पण सरकलेलं हाड त्याने कायमचं जागेवर येत नाही. असा दावा कुणी केला तर पैसे घालवू नका.

ऑपरेशनकडे वळू. बनियनमध्ये हाड कापून योग्य जागी सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. विकृती मोठी असेल किंवा त्या हाडाच्या मागचा सांधा सैल असेल, तर तो सांधा जोडतात, म्हणजे दोन्ही हाडं एक करून त्याची हालचाल बंद करतात. यासाठी आजवर 100 हून अधिक पद्धती वर्णन केल्या गेल्या आहेत, म्हणून ‘अमकीचं असं केलं, माझं तसं का?’ ही तुलना फारशी कामाची नाही. रिजिडसमध्ये झीज कमी असेल तर वरचे कंगोरे छाटतात आणि सांधा राखतात. झीज पुष्कळ झाली असेल तर सांधा कायमचा जोडून टाकतात. हे ऐकून माणूस घाबरतो, मावशीही घाबरली होती. पण दुखत होती ती हालचालच, ती थांबली की दुखणंही थांबतं. चालणं नीट होतं. उंच टाचेचे बूट मात्र जवळपास सुटतात. दोन्ही आजार एकाच पायात असणारेही लोक असतात, तेव्हा सांधा जोडणं हाच दोन्हींवरचा उपाय ठरू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे: पाय सुंदर दिसावा म्हणून बनियनचं ऑपरेशन करू नये, आणि न दुखणारं बनियन ‘पुढे वाढेल’ या भीतीनेही करू नये. बूट बदलून, काही महिने धीर धरूनही रोजचं चालणं अडत असेल, किंवा अंगठा दुसऱ्या बोटावर चढून त्यालाही बिघडवत असेल, तर मात्र उगाच सोसत बसण्यात अर्थ नाही. तरुण मुलांमध्ये हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणं बहुधा बरं, कारण त्यांच्यात बनियन परतण्याची शक्यता जास्त.

आणि किंमत काय मोजायची, तेही आधी समजून घ्यावं. साधारण 6 आठवडे खास बूट, भार जपून टाकणं किंवा मुळीच न टाकणं, उजवा पाय असेल तर गाडी चालवणं बंद. सूज कित्येक महिने राहते, कधी वर्षभरही. बनियन परतू शकतं, अंगठा बधिर किंवा ताठ होऊ शकतो, भार दुसऱ्या बोटाखाली जाऊन तिथे नवं दुखणं सुरू होऊ शकतं. धूम्रपान करणाऱ्यांचं हाड जुळायला त्रास होतो. मधुमेह असेल तर पायाचा रक्तपुरवठा आधी तपासून घ्यावा.

आईने ऑपरेशन केलेलं नाही, रुंद बुटांवर तिचं छान चाललंय. मावशीने सांधा जोडून घेतला. ऑपरेशनच्या आधी सर्जननी तिला रोज वापरायच्या चपला घेऊन यायला सांगितलं होतं. अंगठा किती अंश वर ठेवून जोडायचा, हे त्या चपलांची टाच पाहून ठरणार होतं. तिने पिशवीतून दोन जोड नेले, आणि त्यातला कोणता पुढची सगळी वर्षं घालायचा, हे तिथे बसून स्वतः निवडलं.