पान्हा आणि वजनकाटा

सहाव्या दिवशी भाचीचा फोन आला. "मावशी, मला दूधच नाहीये गं." ठाण्यात नौपाड्याहून घोडबंदरच्या गर्दीतून तिच्या घरी पोचले तेव्हा सासूबाई अळिवाची खीर घेऊन उभ्या होत्या, हॉलमध्ये बाळ बघायला आलेले चार पाहुणे होते आणि ओट्यावर वरच्या दुधाचा डबा आलेला होता. बाळ मात्र तासभर छातीशी राहूनही भुकेलंच.

"दूधच नाही" हे वाक्य दर दुसऱ्या बाळंतिणीच्या तोंडी असतं आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येतं. तोवर चीक असतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी मिळतात जेमतेम २ ते १० मिलिलिटर, आणि त्याला तेवढंच पुरतं. पुढचा हिशेब मात्र बाळाच्या हाती जातो. स्तन जितका रिकामा होईल तितकं नवं दूध वेगाने बनतं. दूध साचून राहिलं तर बनणं मंदावतं. म्हणून दूध बनतंय का, याच्याआधी बघायला हवं की ते बाहेर येतंय का.

हे बघायला आम्ही स्तनपान सल्लागार ताईंना घरी बोलावलं. त्यांच्या पिशवीत बारीक मापाचा वजनकाटा होता. बाळाचं दुपटं, लंगोट काहीही न बदलता पाजण्याआधी एकदा वजन, पाजल्यानंतर पुन्हा एकदा. फरक पडेल तेवढं दूध बाळाच्या पोटात गेलं. आला फक्त १२ ग्रॅम.

मग त्या खुर्ची ओढून नुसत्या बघत बसल्या. इस्पितळातला पलंग वरखाली होत होता. इथे भाची खोल सोफ्यात रुतून, पाय लोंबकळत, बाळाच्या तोंडापर्यंत वाकलेली. बाळ नुसतं बोंड धरून होतं. दूध ओढताना बाळाची जीभ खाली जाते, तोंडात पोकळी तयार होते आणि त्या ओढीने दूध येतं. त्यासाठी बोंड आत खोल, टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो त्याच्या जवळपास पोचावं लागतं, हे सोनोग्राफीने तोंडात डोकावून पाहिलेलं आहे. ते उथळ राहिलं तर कडक टाळूवर चेपतं, चिरा पडतात, दूध कमी येतं. ताईंनी स्वयंपाकघरातलं स्टूल पायाखाली दिलं, पाठीशी उशी लावली, बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवलं. बाळाने मोठा आ केला त्या क्षणी हनुवटी आधी टेकेल असं त्याला जवळ आणलं. भाचीचे खांदे खाली आले. दुखणं थांबलं होतं.

आणि त्यांनी पाहुण्यांना नम्रपणे बाहेर पाठवलं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे: ते दुधाच्या पेशींभोवतालचे बारीक स्नायू आवळतं. वेदना आणि ताण त्यालाच अडवतात. १९४८ साली अमेरिकेत मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने हे स्वतःच्या घरच्या बाळावर मोजलं. आई नाइल्सच. एरवी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळे. तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, गणितं घालून चुकल्यास विजेचा झटका दिला, की ९९ ग्रॅम. तोच त्रास देऊन शिवाय ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा १५३. दूध स्तनात होतंच, पान्हा अडला होता. आपल्याकडे बर्फाचं पाणी लागत नाही, "तुझं दूध पुरतंय ना गं?" एवढं दिवसातून दहा वेळा विचारलं तरी बाळंतीण आक्रसून जाते. अळीव-डिंक जरूर द्या, बाळंतिणीला खायला हवंच. पण बाळाची धरण्याची पद्धत खिरीने सुधारत नाही.

घरी कुणाला बोलवायचं? 'आयबीसीएलसी' या स्तनपान सल्लागारांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा १९८५ पासून घेतली जाते, ते प्रमाणपत्र आहे का हे निःसंकोच विचारा. कुठल्या पावडर कंपनीची भलामण करणारी व्यक्ती मात्र नको. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. फी परवडत नसेल तर आशाताईंना, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य स्वयंसेविकांना, विचारा. इस्पितळात बाळंतपण झालं असलं तरी तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा गृहभेटी त्यांच्या कामातच येतात.

सल्लागार डॉक्टरची जागा घेत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू करत असेल, पाजायला उठवूनही उठत नसेल, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं नसेल, किंवा आईला ताप येऊन स्तन लाल झाला असेल तर थेट दवाखाना गाठा. आईचं दूध खरंच कमी पडण्याची कारणंही असतात, थायरॉईडपासून स्तनाच्या जुन्या शस्त्रक्रियेपर्यंत. अशा वेळी वरचं दूध द्यावं लागलं तर त्यात आईचा काही दोष नाही.

त्या दुपारी बाळाने दुसऱ्या बाजूला घेतलं. सुरुवातीची भराभर चोखणी संथ झाली आणि शांत खोलीत गिळण्याचा हलका आवाज येऊ लागला. काट्यावर ३८ ग्रॅम आले. भाचीने तो आकडा दोनदा वाचला, मग खिरीची वाटी मागितली.